संशयाची रूपे : आधुनिकतावादी मराठी कथात्म साहित्यातील श्रद्धेचा प्रश्न

१

आधुनिकतावादी मराठी कथा-कादंबरीतील धर्मश्रद्धेचा विचार आपल्याकडे सामान्यतः दोन पद्धतींनी केला जातो. पहिल्या पद्धतीनुसार या साहित्यातील संशय हा पाश्चात्त्य अस्तित्ववादाचा प्रभाव ठरतो. काम्यूची 'द आउटसायडर' (१९४२) आणि सार्त्रचे विचार वाचलेल्या पिढीने ईश्वराच्या अनुपस्थितीची जाणीव तेथून उचलली, असे या पद्धतीत गृहीत धरलेले असते. दुसऱ्या पद्धतीनुसार हा संशय वरवरचा असतो. लेखक अखेरीस कोणत्या ना कोणत्या अध्यात्माकडेच वळतो, आणि मग त्याची नाळ संतांशी जोडून दिली की समीक्षकाचे काम संपते. या दोन्ही पद्धतींत एक सोय आहे. साहित्यकृतीच्या बाहेर तयार असलेले उत्तर कृतीवर ठेवता येते. पदव्युत्तर परीक्षांच्या उत्तरपत्रिकांतून जी. ए. कुलकर्णी यांच्या कोणत्याही कथेपुढे 'नियतीवाद' आणि 'कोसला'पुढे 'अस्तित्ववाद' हे शब्द जितक्या सहजतेने लिहिलेले आढळतात, त्यावरून ही सोय किती रूढ झाली आहे हे लक्षात येते. तिची जबाबदारी विद्यार्थ्यांपेक्षा आपण शिकवणाऱ्यांवर अधिक आहे, हेही मान्य केले पाहिजे.

प्रस्तुत लेखात या प्रश्नाकडे वेगळ्या बाजूने पाहण्याचा प्रयत्न केला आहे. लेखक ईश्वर मानतो की नाही, हा येथे चर्चेचा विषय नाही. संशय कथनात कोणत्या रूपाने वावरतो, तो कुणाला उद्देशून असतो आणि त्याची किंमत कोण मोजतो, या तीन प्रश्नांच्या आधारे काही कृतींचे वाचन करावयाचे आहे. त्यासाठी भालचंद्र नेमाडे यांची 'कोसला' (१९६३), चिं. त्र्यं. खानोलकर यांची 'कोंडुरा' (१९६६) आणि जी. ए. कुलकर्णी यांच्या 'पिंगळावेळ' (१९७७) या संग्रहातील 'स्वामी' ही कथा निवडली आहे. या निवडीची मर्यादा कोठे पडते, हे पाहण्यासाठी शेवटी बाबूराव बागूल यांच्या कथेचा विचार केला आहे.

प्रारंभी एक भेद स्पष्ट केला पाहिजे. आधुनिकता आणि आधुनिकतावाद या संज्ञा अनेकदा एकमेकींच्या जागी वापरल्या जातात. आगरकरांनी १८८८ मध्ये सुरू केलेल्या 'सुधारक'मधून जी बुद्धिप्रामाण्याची भूमिका मांडली, ती आधुनिकतेची भूमिका होय. तिचा विवेकावर भरवसा आहे; रूढी गेल्या की माणूस अधिक मोकळा होईल, अशी तिची खात्री आहे. आधुनिकतावादी साहित्य या भरवशाविषयीही साशंक असते. म्हणून त्यातील संशयाला दोन तोंडे असतात. परंपरेने दिलेला देव त्याला पुरत नाही, आणि देवाच्या जागी बसवलेला विवेकही त्याला पुरत नाही. हा दुहेरी संशय लक्षात न घेता आधुनिकतावादी लेखकाला सुधारकांच्या रांगेत बसवले, तर त्याच्या कृतींतील अस्वस्थतेचे कारणच हाती लागत नाही.

२

मराठी कादंबरीत ईश्वरविषयक संशय आधुनिकतावाद्यांनी प्रथम आणला, असे म्हणता येणार नाही. वामन मल्हार जोशी यांच्या 'सुशीलेचा देव' (१९३०) या कादंबरीचा विषयच देवकल्पनेचा विकास हा आहे. सुशीलेचा देव बालपणीच्या मूर्तीपासून निघतो आणि आयुष्यातील अनुभवांच्या रेट्याने टप्प्याटप्प्याने बदलत नैतिक मूल्यांच्या पातळीवर येऊन पोहोचतो. या कादंबरीत संशय आहे. परंतु त्याचे रूप चर्चेचे आहे. पात्रे प्रश्न विचारतात, उत्तरे देतात, खंडन करतात. संशय हा विचाराच्या प्रवासातील एक टप्पा ठरतो आणि त्यापलीकडे अधिक शुद्ध अशी श्रद्धा असते. वाद घालणाऱ्या दोन्ही पक्षांना समान असलेली एक भाषा आहे आणि त्या भाषेत प्रश्न सुटू शकतो, हा विश्वास कादंबरीच्या मुळाशी आहे. देव बदलला तरी त्याच्याविषयी बोलण्याची भाषा ढळत नाही.

याहूनही मागे गेल्यास संतकवितेतील देवाशी भांडण दिसते. नामदेव, जनाबाई, तुकाराम यांनी विठ्ठलाला दिलेले दूषण, त्याच्यावर घेतलेले आळ, केलेला रुसवा हे सर्व आपल्या परिचयाचे आहे. या भांडणाला संशय म्हणावे काय? भांडणात ऐकणारा गृहीत असतो. विठ्ठल उत्तर देत नाही, ही तक्रार विठ्ठलाकडेच केलेली असते. त्यामुळे संतांचा क्षोभ कितीही तीव्र झाला तरी संबोधनाचा धागा तुटत नाही. किंबहुना, भांडण जितके मोठे तितके नाते घट्ट, असा त्याचा व्यवहार आहे.

या दोन परंपरांच्या संदर्भात आधुनिकतावादी कथात्म साहित्याचे वेगळेपण नेमके सांगता येते. तेथे चर्चेची समान भाषा उरलेली नाही आणि संबोधनासाठी समोर कोणी उभे नाही. तरीही ज्या गरजेतून माणूस चर्चा करीत होता किंवा हाका मारीत होता, ती गरज संपलेली नाही. गरज शिल्लक आहे आणि तिचा पत्ता हरवला आहे, अशी ही अवस्था आहे. तिचे नुसते वर्णन करण्याऐवजी या लेखकांनी तिला कथनाच्या रचनेत स्थान दिले. म्हणूनच त्यांच्या कृतींतून 'ईश्वराविषयीचे विचार' वेगळे काढून दाखवणे कठीण जाते.

३

'कोसला'चा नायक पांडुरंग सांगवीकर याचे नाव पंढरपूरच्या दैवताचे आहे. कादंबरीत या नावावर भाष्य होत नाही, आणि ते न होणेच सूचक आहे. देवाचे नाव घरोघर इतके वापरले गेले आहे की ते आता केवळ हजेरीपटावरचे नाव उरले आहे. पांडुरंगाच्या निवेदनात धर्मविधी, वडीलधाऱ्यांची नीती, महाविद्यालयीन जीवनातील उदात्त गोष्टी या सर्वांची सारख्याच सपाट सुरात टर उडवली जाते. तेथे श्रद्धेविषयी गंभीर शंका घेतली जात नाही. कारण गंभीर शंका घेण्यासाठीही समोरची गोष्ट गंभीरपणे घ्यावी लागते.

या सुराला छेद जातो तो धाकट्या बहिणीच्या, मनीच्या मृत्यूने. मनी देवीच्या रोगाने जाते. मराठीत या रोगाचे आणि देवतेचे नाव एकच आहे. 'देवी आल्या' या शब्दप्रयोगात रोगाचे आगमन आणि देवतेचे आगमन यांत फरक करण्याची सोय नाही. आलेल्या पाहुणीचा मान राखावा, तिला दुखवू नये, अशी शिकवण त्या भाषेतच आहे. १९७५ नंतर भारतात हा रोग उरला नाही; त्यामुळे आजच्या वर्गातील विद्यार्थ्याला या शब्दातील भय सांगावे लागते. ते सांगितले नाही तर कादंबरीतील एक मोठी विसंगती निसटते. ज्या शब्दाने मूल दगावण्याला अर्थ दिला जात होता, तोच शब्द पांडुरंगाच्या हाती आहे आणि तो आता कोणताही अर्थ देत नाही. देवतेला दोष द्यावा तर तिच्यावर विश्वास नाही. केवळ रोग म्हणून सोडून द्यावे तर दुःखाला जागा मिळत नाही.

येथे नेमाड्यांनी केलेली गोष्ट महत्त्वाची आहे. पांडुरंग ईश्वराविरुद्ध भाषण करीत नाही. त्याचे निवेदन बदलते. टवाळीचा सूर अपुरा पडतो, वाक्ये एकाच गोष्टीभोवती फिरू लागतात आणि शोकाला विलापाची लय येते. मनीबरोबर तिच्या पोटी येऊ शकणाऱ्या पुढच्या जन्मांची सगळी साखळीही थांबली, असा एक विचार तो करतो. या विचारात सांत्वन आहे की संपूर्ण नकार आहे, हे ठरवणे अवघड आहे. जन्माची साखळी तुटणे ही भारतीय धर्मविचारांत मुक्तीची कल्पना आहे. पण येथे ती साधनेचे फळ म्हणून येत नाही, एका लहान मुलीच्या अकाली मृत्यूचा हिशेब म्हणून येते. मोक्षाची परिभाषा हाताशी येते ती अशी उलटी होऊन. कादंबरीतील अजिंठ्याचा भागही या मृत्यूच्या सावलीत वाचला पाहिजे. दुःखाला दुःख म्हणणारा बुद्ध पांडुरंगाला जवळचा वाटतो, याचे कारण त्याने दिलेले उत्तर हे नाही. दुःख नाकारून पुढे न जाणे, ही बुद्धाच्या भूमिकेतील पहिली पायरीच पांडुरंगाला ओळखीची आहे. पुढच्या पायऱ्या तो चढत नाही.

'कोसला'ची तुलना सॅलिंजरच्या 'द कॅचर इन द राय' (१९५१) या कादंबरीशी वारंवार झाली आहे. निवेदनाचा सूर, तरुण नायक, धाकटे भावंड या बाबतींत ती उपयुक्तही आहे. परंतु 'देवी' या एका शब्दात जे गुंतले आहे ते त्या तुलनेने सापडत नाही. प्रभावाचा अभ्यास येथे थांबतो आणि भाषेचा अभ्यास सुरू करावा लागतो.

४

खानोलकरांच्या 'कोंडुरा'त प्रश्नाची मांडणी याच्या अगदी उलट आहे. पांडुरंगाला काहीच दिसत नाही. परशुरामाला दर्शन घडते. कोकणच्या किनाऱ्यावरील, गूढ भयाने भारलेल्या स्थळी त्याला एक शक्ती भेटते आणि गर्भपात घडवणारी मुळी देते. अट एकच : त्याने आजन्म ब्रह्मचर्य पाळावे. परशुराम विवाहित आहे.

हे दर्शन खरे की मनाचा खेळ, याचा निर्णय कादंबरी देत नाही. अद्भुत साहित्याची मीमांसा करताना तोदोरोव्ह यांनी १९७०च्या ग्रंथात, नैसर्गिक आणि अतिनैसर्गिक अशा दोन स्पष्टीकरणांमध्ये होणारी वाचकाची द्विधा हे त्या साहित्यप्रकाराचे लक्षण मानले. 'कोंडुरा'ला ही कल्पना काही अंतरापर्यंत लागू पडते. तथापि येथे द्विधेत सापडतो तो वाचक आणि काही प्रमाणात परशुराम. गावाला द्विधा नाही. ज्याला घरात मान नव्हता तो माणूस साक्षात्कारामुळे पूज्य होतो आणि लोकांची श्रद्धा त्याच्या संशयाची वाट पाहत थांबत नाही. स्वतःला पूर्ण न पटलेल्या दर्शनाचा आधार घेऊन इतरांच्या आयुष्याविषयी निर्णय घेण्याची वेळ त्याच्यावर येते. मुळीचा उपयोग कुणावर करायचा, पाप कोठे आहे, हे त्याने ठरवायचे. आणि हे ठरवताना तो ज्याला दैवी प्रेरणा समजतो त्यात त्याची स्वतःची वासना, अपमान आणि अधिकाराची भूक किती मिसळली आहे, हे त्याला वेगळे करता येत नाही. अखेरचे अरिष्ट या गोंधळातून ओढवते.

अशा रीतीने 'कोंडुरा'तील संशयाचा विषय ईश्वराचे अस्तित्व हा राहत नाही. देव बोलला असे क्षणभर मानले, तरी त्याचे बोलणे मी बरोबर ऐकले काय, हा तो प्रश्न आहे. श्रद्धावंताला हा प्रश्न नास्तिकाच्या प्रश्नापेक्षा अधिक अडचणीचा आहे; कारण तो श्रद्धेच्या आत राहूनच विचारता येतो आणि त्याला बाहेरचे प्रमाण नाही.

किंमत कोण मोजतो, हा आपला तिसरा प्रश्न येथे फार प्रखर होतो. ब्रह्मचर्याची अट परशुरामाला घातलेली असली तरी ती त्याच्या पत्नीवरही पडते आणि तिला कोणी विचारलेले नसते. मुळीचा परिणाम होतो तोही स्त्रीच्याच देहावर. साक्षात्कार पुरुषाला आणि त्याचे भोग स्त्रीला, अशी ही विभागणी आहे. खानोलकरांनी तिच्यावर सुधारकी भाष्य केलेले नाही. पण कथानकाची सगळी सांधेजोड तिच्यावर उभी आहे. श्याम बेनेगल यांनी १९७८ मध्ये हिंदीत 'कोंडुरा' आणि तेलुगूत 'अनुग्रहम्' या नावांनी या कादंबरीवरून चित्रपट केला. 'अनुग्रह' हा शब्द शीर्षकात घेताच कादंबरीतील उपरोध उघडा होतो : ज्याला कृपा म्हणावे तीच घराच्या विनाशाचे निमित्त झाली.

५

जी. एं.च्या 'स्वामी' या कथेत दर्शनही नाही आणि देवही नाही. आहे तो मठ. एक परका प्रवासी आदरातिथ्याच्या वाटेने मठात नेला जातो आणि तेथे जमिनीखालच्या दालनात बंदिस्त होतो. त्याने आता स्वामी व्हायचे आहे. त्याला छळ सोसावा लागत नाही. खाण्यापिण्याची, सुखसोयींची व्यवस्था चोख आहे. त्याने फक्त बाहेर यायचे नाही. त्याच्या असण्यावर बाहेरच्या जगाची श्रद्धा चालणार आहे.

या कथेचे रूपक सरळ दिसते : श्रद्धेची संस्था जिवंत माणसाला गाडून त्याचे दैवत करते. पूज्य होणे म्हणजे मोकळ्या हवेला मुकणे, असा हा व्यवहार आहे. महंत या व्यवहाराचे समर्थन दुष्टपणाने करीत नाही, शांतपणे करतो. अनेकांच्या समाधानासाठी एकाचे जाणे त्याला रास्त वाटते. स्वामी ज्ञानी आहे की नाही, त्याची श्रद्धा आहे की नाही, याची मठाला गरज नाही. श्रद्धेय वस्तू रिकामी असली तरी श्रद्धा चालते, हे कथेतील भयंकर सत्य आहे.

एवढ्यावर कथा थांबली असती तर ती मठसंस्थेवरील एक प्रभावी टीका ठरली असती. परंतु त्या बंदिस्त जागेत एक वेल उगवतो आणि कथेची दिशा बदलते. स्वामी त्याची जोपासना करतो. हवा येण्यासाठी ठेवलेल्या वाटेने तो वेल वरच्या प्रकाशाकडे निघतो. तो जसजसा वाढेल तसतशी माणसाच्या श्वासाची वाट बुजणार, हे स्वामीला कळते. तो वेलाला अडवत नाही. त्याच्या वर जाण्यात स्वतःचे बाहेर पडणे पाहतो.

ही नियतीपुढची शरणागती आहे काय? 'नियती' हा शब्द येथे फारसा उपयोगी पडत नाही. बंदिवास त्याच्यावर लादला गेला; वेलाला वाढू देणे ही त्याची निवड आहे. जो माणूस इतरांच्या श्रद्धेचा निर्जीव विषय बनवला गेला, तो अखेरीस स्वतः एका जिवंत वस्तूवर श्रद्धा ठेवतो. या श्रद्धेत परलोक नाही, फळाची हमी नाही, तिला मंत्र नाही. वेल बाहेर पोहोचेल की नाही हे पाहायला तो असणारही नाही. धर्मसंस्थेने वापरलेले बलिदान, समाधी, मुक्ती हे सगळे शब्द या कृतीला लागू पडतात, आणि तरी त्यांतला एकही मठाचा राहत नाही. कथेत श्रद्धेचा नकार आणि श्रद्धेची कृती एकाच माणसाच्या ठिकाणी एकत्र आल्या आहेत. यांतली एक बाजू उचलून जी. एं.ना निराशावादी किंवा अध्यात्मवादी ठरवणे म्हणजे कथेचा अर्धाच भाग वाचणे होय.

६

आतापर्यंत पाहिलेल्या तिन्ही कृतींत एक गोष्ट समान आहे. त्यांतील माणसे श्रद्धेच्या घरात जन्मलेली आहेत किंवा त्या घरात नेली जातात. देवळाचे दार त्यांना बंद नाही. पत्ता हरवण्याचा अनुभव येण्यासाठी आधी पत्ता दिलेला असावा लागतो. हा सर्वांचाच अनुभव आहे असे समजणे धाडसाचे ठरेल.

'कोसला' प्रसिद्ध झाली त्याच १९६३ साली बाबूराव बागूल यांचा 'जेव्हा मी जात चोरली होती' हा कथासंग्रह प्रसिद्ध झाला. नाशिकचा काळाराम मंदिर सत्याग्रह १९३०मध्ये सुरू झाला होता, येवल्याची धर्मांतराची घोषणा १९३५ची, आणि नागपूरची धम्मदीक्षा १४ ऑक्टोबर १९५६ची. या इतिहासाच्या पार्श्वभूमीवर ईश्वर आहे की नाही हा प्रश्न दुय्यम ठरतो. देऊळ कुणाचे, हा प्रश्न आधी येतो. बागुलांच्या शीर्षककथेत जात लपवून राहणाऱ्या तरुणाचे रहस्य उघडे पडते आणि त्याला मारहाण होते. या मारहाणीचे कर्तृत्व तो समोरच्या माणसांकडे देत नाही, मनूकडे देतो. मारणारे हात आजचे आहेत आणि त्यांच्यामागे धर्मशास्त्र आहे, हे एका वाक्यात त्याने ओळखले आहे.

आपले तीन प्रश्न या कथेला विचारले तर उत्तरे बदलतात. येथे संशय देवाला उद्देशून नाही, धर्मग्रंथाच्या अधिकाराला उद्देशून आहे. त्याचे रूप विलापाचे किंवा द्विधेचे नाही, आरोपाचे आहे. आणि किंमत शरीराने आधीच मोजली गेली आहे. श्रद्धेचा त्याग हा येथे अनाथपणाचा अनुभव होत नाही. पांडुरंगाच्या बाबतीत बुद्ध ही एका लेण्यातील क्षणिक ओळख आहे. १९५६ नंतरच्या दलित लेखकाच्या परंपरेत बुद्ध हा निवडलेला मार्ग आहे. एकाच दशकातील मराठी साहित्यात एकच मूर्ती दोन ठिकाणी इतक्या वेगळ्या अर्थांनी उभी आहे, हे अभ्यासक्रमात या कृती वेगवेगळ्या प्रश्नपत्रिकांत विभागल्यामुळे आपल्या लक्षात येत नाही. 'आधुनिकतावादी' आणि 'दलित' ही कप्पेबंदी अध्यापनाच्या सोयीची असेल. श्रद्धेचा प्रश्न समजून घेण्यास ती अडथळा ठरते.

७

या विवेचनातून काही निष्कर्ष मांडता येतील. पहिला असा की, आधुनिकतावादी मराठी कथात्म साहित्यातील संशयाला एकच एक रूप नाही. 'कोसला'त भाषेतील अर्थ निघून गेल्याचा संशय आहे, 'कोंडुरा'त ऐकलेल्या वाणीच्या अर्थाविषयीचा संशय आहे, आणि 'स्वामी'त श्रद्धेय मानल्या गेलेल्या वस्तूच्या रिकामेपणाचा संशय आहे. दुसरा असा की, 'सुशीलेचा देव'मध्ये चर्चेच्या रूपाने असलेला संशय या कृतींत निवेदनाचा सूर, कथानकाची बांधणी आणि प्रतिमा यांच्या रूपाने येतो. त्यामुळे विचारांचा सारांश काढून त्याचे वाचन पूर्ण होत नाही. तिसरा निष्कर्ष असा की, या कृतींत श्रद्धा पराभूत झालेली नाही आणि विजयीही झालेली नाही. ती विस्थापित झाली आहे. मनीसाठी केलेल्या विलापात, पत्नीच्या न विचारलेल्या संमतीत, वेलाला मोकळ्या सोडलेल्या वाटेत ती आढळते. देवघरात शोधल्यास सापडत नाही.

चौथी गोष्ट निष्कर्षापेक्षा सूचनेच्या स्वरूपाची आहे. गीतेच्या चौथ्या अध्यायात संशयात्म्याचा विनाश सांगितला आहे, आणि ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातील नासदीय सूक्ताचा शेवट मात्र संशयातच होतो. आपल्या परंपरेला दोन्ही गोष्टी ठाऊक होत्या. वर्गात यांपैकी एकच गोष्ट सांगण्याची आपल्याला सवय आहे. विद्यार्थी घरून एक श्रद्धा घेऊन येतो किंवा तिच्यापासून दूर जाऊन येतो. दोन्ही बाबतींत तो गप्प असतो, कारण प्रश्नाचे उत्तर 'अस्तित्ववाद' किंवा 'नियतीवाद' असे एका शब्दात देऊन आपण त्याला मोकळे केलेले असते. 'देवी' हा शब्द फळ्यावर लिहून त्याचे दोन्ही अर्थ त्याला विचारले, तर कदाचित तो बोलू लागेल. आणि मग 'कोसला'तील मनीचा मृत्यू परीक्षेच्या उत्तरापुरता उरणार नाही.